काचेचा दोष

माझी मावशी म्हणते, रागात घेतलेलं माप पुन्हा घ्यावं लागतं. ती एकाहत्तर वर्षांची आहे आणि आयुष्यभर तिने मोजण्याचंच काम केलं, तेव्हा तिचं खरं असणार. पण मला हे रागातच लिहायचं आहे. गेले सात महिने मी शांत होण्याची वाट बघतेय आणि ते काही होत नाहीये. माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकासमोर डोकं थंड ठेवावं लागतं, म्हणून सगळा राग इथे काढणार आहे.

मावशी वेधशाळेत नोकरीला होती. एवढं सांगितलं की लोक लगेच हुरळून जातात. ‘अय्या, म्हणजे दुर्बिणीतून तारे बघायच्या?’ नाही बघायची. चौतीस वर्षांच्या नोकरीत तिने त्या मोठ्या दुर्बिणीला एकदाही डोळा लावला नाही. दुर्बीण रात्रपाळीच्या लोकांची, आणि रात्रपाळीचे लोक झाडून सगळे पुरुष. ते काचेवर फोटो काढायचे. शाळेच्या पाटीएवढी काच, तिच्या एका अंगाला औषधाचा पातळ थर, आणि त्या थरात आकाश उमटलेलं. काचा धुऊन वाळल्या की सकाळी मोजणीच्या खोलीत यायच्या. तिथे तीन बायका दहा ते पाच एकेका ताऱ्याची जागा मोजत बसायच्या. आडवं माप, उभं माप, वहीत नोंद, पुढचा तारा. फोटो उलटा असल्यामुळे मावशीचं आकाश पांढरट आणि तारे काळे, कागदावर तीळ सांडावेत तसे. वेधशाळेत तिला सगळे ठिपकेबाई म्हणायचे, तेही तोंडावर. तिला त्याचं काहीच वाटायचं नाही, याचाही मला राग येतो.

आमच्या घराच्या मागच्या खोलीत ती राहायची, अजूनही राहते. आई फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे मी मावशीच्याच हाताखाली वाढले. तिच्या डाव्या डोळ्याभोवती भिंगाच्या कडेची गोल खूण पडलेली असायची. रविवार संध्याकाळपर्यंत ती जरा पुसट व्हायची आणि सोमवारी पुन्हा ताजी. लहानपणी मला वाटायचं, नोकरी करणाऱ्या सगळ्याच बायकांना अशी खूण पडते.

आणि तिची दुसरी सवय म्हणजे ओठ. कुठलीही काच हातात आली की तिचा कोपरा ही खालच्या ओठाला लावणार. फोटोची फ्रेम आणा, टेबलाची काच आणा, माझ्या दुकानातलं नवं भिंग आणा, आधी ओठाला. मी पहिल्यांदा दुकान उघडलं तेव्हा तिने गिऱ्हाइकासमोर हा प्रकार केला आणि तो माणूस चष्मा न घेताच निघून गेला. मी तिच्यावर ओरडले होते. पण त्यात तिच्या कामातलं सगळ्यात मोठं शहाणपण होतं. फोटोच्या काचेला दोन बाजू: एकीकडे थर, दुसरीकडे कोरी काच. आकाश असतं ते थरात. थराला बोट लागता कामा नये, पाणी लागता कामा नये, आणि पातं लागलं तर संपलंच. नव्या काचेचा थर नुसता बघून ओळखू येतो. जुन्या काचा मात्र दोन्हीकडून सारख्याच चकचकीत दिसायला लागतात. मग ओळखायचं कसं? तर कोपरा ओठाला लावायचा. ओठ ओलसर असतो. थर किंचित चिकटतो, कोरी काच घसरते. बोटाला फसवता येतं, डोळ्याला फसवता येतं, ओठाला नाही, असं त्या तिघी म्हणायच्या. चौतीस वर्षांत मावशीने एकही काच चुकीच्या बाजूने पुसली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुसायचं काय, तर शाई. मोजताना काही वेगळं दिसलं की कोऱ्या बाजूवर शाईने खूण करायची. तिघींच्या तीन शाया. मावशीची हिरवी.

मी नऊ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी ती घरी आली, चप्पलही न काढता माझ्या गृहपाठाच्या वहीवर पेन्सिलीने एक रेघ काढायला बसली. बारीकशी, पापणीच्या केसाएवढी, आणि मधोमध किंचित गचका बसलेली. ‘ओळख काय आहे.’ मी म्हटलं, अळी. ती म्हणाली, ‘खडा आहे. माझा खडा.’

मंगळ आणि गुरू यांच्या मधे लघुग्रहांचा पट्टा आहे. लाखो दगड तिथे सूर्याभोवती फिरतायत, काही डोंगराएवढे, बरेचसे त्याहून लहान. दुर्बीण ताऱ्यांच्या चालीने हळूहळू वळत असते, म्हणून फोटोत तारे ठिपके म्हणून येतात. पण लघुग्रहाची चाल वेगळी. चाळीस मिनिटांच्या फोटोत तो थोडासा पुढे सरकतो आणि ठिपक्याच्या जागी रेघ उमटते. मावशीला अशी रेघ सापडली होती, त्या काळच्या कुठल्याही यादीत नसलेली. तिने तिच्याभोवती हिरवं वर्तुळ काढलं, जागा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शापर्यंत मोजली आणि काच घेऊन मोठ्या साहेबांकडे गेली.

मोठे साहेब म्हणजे मोजणी, दुर्बीण, कपाटं, सगळ्याचे मालक. मावशीने मला तो संवाद इतक्या वेळा सांगितलाय की मला तो पाठ आहे.

‘साहेब, ही रेघ जरा बघता का?’

‘कसली रेघ?’

‘लघुग्रह असावा. उद्या-परवा याच भागाचा आणखी एक फोटो घेतला तर नक्की होईल.’

‘ठिपकेबाई, रात्रीची दुर्बीण दिवसवाल्यांच्या शंका फेडायला ठेवलेली नाही. तुमचं काम मोजायचं. शोधायचं नाही. ओरखडा असेल.’

‘ओरखडा नाही, साहेब. त्या रात्री दुर्बिणीला मधेच एक धक्का बसलाय. सगळ्या ताऱ्यांना डावीकडे बारीक शेपूट आलंय. या रेघेलाही मधोमध डावीकडेच गचका आहे. ओरखडा असता तर त्याला दुर्बिणीचा धक्का कसा बसला असता?’

हे ऐकल्यावर कुणालाही भिंगाला डोळा लावावासा वाटेल. मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांशीच खेळते. कुतूहल असलेला माणूस ताबडतोब वाकतो, हे मी शपथेवर सांगते. साहेब वाकले नाहीत. खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. त्यांनी नोंदवही ओढली आणि त्या काचेपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात, मावशीच्या हिरव्या नोंदीवर आडवी रेघ मारून, काळ्या शाईत लिहिलं: ‘काचेचा दोष. दुर्लक्ष करावे.’

तीन दिवसांत तो भाग दुर्बिणीच्या टप्प्यातून गेला. खडा हरवला. एका रात्रीच्या एका फोटोवरून कक्षा काढता येत नाही. तो दगड आपल्या वाटेने चालता झाला आणि मावशीच्या हातात राहिलं एक आडवं माप आणि एक उभं माप. तिने ते घरच्या वहीत उतरवून घेतलं.

दुसरी कुणी असती तर कानाला खडा लावून गप्प बसली असती. मावशी गप्पच बसली, पण वेगळ्या तऱ्हेने. जगात कुठेही नवा लघुग्रह सापडून त्याची कक्षा पक्की झाली की यादी छापून येते. मावशी दर महिन्याला ती यादी घ्यायची आणि त्यातला जो जो दगड जुळण्यासारखा वाटेल त्याची चाल मागे मागे नेत त्या एका रात्रीपर्यंत पोचवायची. त्या रात्री, त्या चाळीस मिनिटांत, तो माझ्या काचेवर त्या जागी होता का? नव्हता. पुढचा. आधी हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड, मग कॅल्क्युलेटरवर, मग मी तिला दुकानातला जुना संगणक दिला त्यावर. चुलत आत्या एकदा म्हणाली, ‘हिला दुसरा काही उद्योग नाही का?’ मावशी म्हणाली, ‘आहे की. पण तो दहा ते पाच असतो.’

निवृत्त झाली तेव्हा वेधशाळेने तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. जाताना तिने एक कागद लिहून दिला होता, ‘काच कशी हाताळावी’, ओठाच्या युक्तीसकट. आकाशाचे फोटो आता कॅमेराच थेट संगणकात घेत होता, मोजणीची खोली बंद झाली होती, बाकीच्या दोघी आधीच गेल्या होत्या. काचा ओळखणारी ती शेवटची. तिला वाटलं, कागद उपयोगी पडेल.

मागच्या वर्षी एका मंगळवारी सकाळी ती दुकानात आली. समोर एक आजोबा नाकावर चाचणीची चौकट घेऊन बसले होते, एका डोळ्यावर भिंग, दुसऱ्यावर झाकण. मावशी काउंटरपाशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘जुळला.’

‘काय जुळलं?’

‘चारशे तेरावा दगड. जागा जुळली, दिशा जुळली, रेघेची लांबीसुद्धा जुळली. मी तीनदा करून पाहिलं.’

आजोबांना वाटलं त्यांचा नंबर जुळला. ते म्हणाले, ‘वा, झकास!’ आणि मी काउंटरच्या पलीकडे जाऊन मावशीला मिठी मारली. तेहतीस वर्षं! मी तिला इतकं हसताना क्वचितच पाहिलंय. आजोबांना त्या दिवशी मी चष्म्याची पेटी फुकट दिली.

खडा दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका वेधशाळेला सापडला होता. सव्वाचार वर्षांत सूर्याभोवती एक फेरी, लांबी साधारण तीन किलोमीटर. आमच्या घरापासून वेधशाळेच्या फाटकापर्यंत बरोबर तेवढंच अंतर आहे. म्हणजे बाई चौतीस वर्षं रोज सकाळी एक अख्खा लघुग्रह चालून कामावर जात होती, असं मी तिला चिडवलं. तिने लगेच हिशोबाला घेतलं: ‘आणि संध्याकाळी एक.’

त्या दूरच्या वेधशाळेतल्या संशोधकाला मी माझ्या दुकानाच्या पत्त्यावरून ईमेल केला. त्याचं उत्तर दोन दिवसांत आलं, आणि फार चांगलं आलं. तुमची आकडेमोड बिनचूक आहे, असं त्याने लिहिलं होतं. तेहतीस वर्षांपूर्वीचं निरीक्षण मिळालं तर या लघुग्रहाची कक्षा कितीतरी पक्की होईल, आणि त्याला सगळ्यात आधी पाहिल्याची नोंद तुमच्या नावावर जाईल. फक्त एक अडचण आहे. तुमच्या वेधशाळेची नोंदवही आता संगणकावर आली आहे, तिच्यात त्या जागी ‘काचेचा दोष’ असा शेरा आहे. घरच्या वहीतलं माप पुरावा म्हणून चालणार नाही. मूळ काचेवरच्या रेघेचं चित्र पाठवा, मग प्रश्नच मिटला.

मी म्हटलं, ‘मावशी, आता तुझं नाव लागणार!’ ती म्हणाली, ‘नावाचं राहू दे. मला त्या रकान्यातला तो शब्द खोडून हवाय. बाकी काही नको.’

आता इथून पुढे माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही अर्ज दिला. काच क्रमांक, तारीख, कारण, संशोधकाचं पत्र जोडलेलं. वेधशाळेत आता संग्रह अधिकारी नावाचा गृहस्थ बसतो. अतिशय गोड बोलणारा. मला गोड बोलणाऱ्या माणसांची धास्ती वाटते, कारण त्यांच्यावर ओरडायला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. तो म्हणाला, ‘मॅडम, फार सुंदर काम आहे तुमचं. योगायोगाने आपण सगळ्या काचांचं स्कॅनिंगच करतोय. रांग आहे, पण होईल.’ बारा हजार काचा होत्या. एका खासगी कंपनीला काम दिलं होतं. मावशीने विचारलं, शाईच्या खुणांचं काय करता? तो म्हणाला, ‘त्या पुसून घेतो ना. खुणांखाली तारे झाकले जातात. आधी खुणांसकट एक साधा फोटो, मग पुसणं, मग स्कॅनिंग.’

मावशी खुर्चीत पुढे सरकली. ‘पुसणारे काचेची बाजू कशी ओळखतात?’

‘बघून.’

‘बघून कळत नाही. माझा कागद होता, त्यात लिहिलंय.’

त्याने फाईल उघडून दाखवली. कागद खरंच होता. त्यावर शेरा होता: ओठाला काच लावणे आरोग्याच्या दृष्टीने अयोग्य, हातमोजे सक्तीचे. पायरी वगळली होती. त्या जागी दुसरं काहीही घातलं नव्हतं, नुसतीच वगळली होती. मावशी म्हणाली, मी येऊन दाखवते, रोज तासभर येईन, मला काही नको. तो म्हणाला, ‘तुम्हाला कशाला त्रास? तुम्ही आता आराम करा.’ भाताच्या ताटातला खडा काढावा तसं त्याने तिला बाजूला काढलं, आणि वर दारापर्यंत सोडायला आला.

चार महिने काही नाही. मी फोन करायची, ‘प्रक्रियेत आहे’ असं उत्तर यायचं. मावशीला मोतीबिंदू होत होता, डाव्या डोळ्यात, त्याच डोळ्यात. माझ्याच दुकानातल्या यंत्रावर मी तो पाहिला. ती म्हणाली, ऑपरेशन नंतर, आधी रेघ. मी पुन्हा वेधशाळेत जाऊन भांडले. यावेळी चांगलीच भांडले, शेजारच्या वाचनालयातली माणसं बाहेर आली. अधिकाऱ्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, ‘ठीक आहे, तुमची काच रांगेतून पुढे घेतो.’ मी जिंकल्याच्या थाटात घरी आले.

महिन्याभराने बोलावणं आलं. स्कॅनिंग झालं आहे, काच प्रत्यक्ष पाहायची असल्यास यावे.

मोजणीच्या खोलीतच नेलं आम्हाला. पडदे बदलले होते, बाकी खोली तीच. उत्तरेच्या खिडक्या, भिंतीला लाकडी कप्पे, कप्प्यांत कागदी पाकिटांतल्या काचा कडेवर उभ्या. बाहेरच्या मार्गिकेत मोठ्या साहेबांचा फोटो लावलाय, मी जाताना त्याच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. मावशी उजेडाच्या टेबलापाशी तिच्या जुन्या जागी बसली. अधिकाऱ्याने पाकीट पुढे केलं. तिने काच बाहेर काढली, दोन्ही तळव्यांत कडांनी धरली, आणि कोपरा ओठाकडे नेला.

‘मॅडम, हातमोजे...’ अधिकारी म्हणाला.

तिने ऐकलं नाही. एक बाजू लावली, घसरली. दुसरी बाजू लावली. चिकटली. थर होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचे खांदे सैल झाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पाच महिने आम्ही दोघीही एकच भीती घेऊन जगत होतो आणि एकमेकींना बोललो नव्हतो.

मग तिने काच टेबलावर ठेवून खालचा दिवा लावला.

सगळीकडे तारे होते. हजारो काळे ठिपके, प्रत्येकाला डावीकडे बारीक शेपूट. आणि मध्याच्या जरा वर, रुपयाएवढा एक गोल तुकडा लख्ख कोरा. तिथे तारे नव्हते, पांढरट आकाश नव्हतं, काही नव्हतं. खालच्या दिव्याचा उजेड सरळ वर येत होता. मला भिंगाची गरज नव्हती. हिरवं वर्तुळ जिथे होतं, नेमकी तीच जागा.

मावशी वाकली आणि त्या कोऱ्या जागेलाच ओठ लावला. घसरला.

‘पुसलं कोणी?’ हे मी. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाई काम करत होती, कंपनीची, माझ्याच वयाची असेल. ती उठून आली. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, ‘मीच पुसली. बाकी खुणा लगेच जातात, ही काही केल्या जाईना. फडक्याने जाईना, औषधाने जाईना, म्हणून पात्याने घासली. घासता घासता मागचंच काहीतरी निघालं, पण खूण तशीच. मग काच उलटी केली, तर ती एका फडक्यातच गेली.’

म्हणजे ती चुकीच्या बाजूने घासत होती. खूण कोऱ्या बाजूवर, पण काचेतून आरपार दिसते. वरून बघणाऱ्याला वाटतं, इथेच आहे. मावशीने त्या रेघेला जपायला काढलेलं वर्तुळ त्या बाईला तिथेच घासत ठेवत होतं. अधिकाऱ्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की एरवी या काचेचा नंबर पुढच्या वर्षी आला असता, आमच्या विनंतीवरून मुद्दाम आधी घेतली. त्याने संगणकावर खुणांसकट काढलेला साधा फोटोही दाखवला. त्यात हिरवं वर्तुळ स्पष्ट होतं. आत काही दिसत नव्हतं. रेघ टिपण्याइतका तो फोटो बारीक नव्हताच.

‘निदान काच तरी सुखरूप आहे,’ तो म्हणाला.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. त्याला बोलले, कंपनीला बोलले, भिंतीपलीकडच्या मोठ्या साहेबांना बोलले, आणि शेवटी त्या बाईवर घसरले. डोळे फुटले होते का तुझे, असं म्हणाले. माझी रोजीरोटी डोळ्यांवर आणि मी हे बोलले. रांगेतून काच पुढे काढायला लावली ती मीच, हे तोवर माझ्या डोक्यात शिरलं होतं, आणि ते कुणावर तरी फेकायचं होतं.

‘तिला नको,’ मावशी म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. थंड आणि कडक. तिने त्या बाईला विचारलं, ‘तुला बाजू ओळखायला कोणी शिकवलं?’

‘कोणीच नाही.’

‘हातमोजा काढ.’

बाईने अधिकाऱ्याकडे बघितलं. ‘त्याच्याकडे बघू नकोस. काढ.’ मावशीने तिच्या टेबलावरची पुढची काच उचलली, कोपरा आधी स्वतःच्या ओठाला लावला, दोन्ही बाजूंनी. मग काच घास भरवावा तशी तिच्यापुढे धरली. बाईने ओठ लावला. घसरला. उलटी करून लावला. तिचे डोळे मोठे झाले.

‘चिकटतं.’

‘ती बाजू आकाशाची. तिला हात लावायचा नाही. किती काचा राहिल्यात अजून?’

‘नऊ हजार.’

‘मग नऊ हजार वेळा ओठ लाव. कोणी नको म्हटलं तर माझं नाव सांग.’

मावशी अधिकाऱ्याकडे वळली. ‘नोंदवही आणा.’

‘मॅडम, ती आता संगणकावर...’

‘कागदाची आणा.’

काय वाटलं त्याला कोण जाणे, त्याने आणली. जाडजूड, कापडी पुठ्ठ्याची, पानांच्या कडा तपकिरी झालेली. मावशीने न शोधता बरोबर पान काढलं. तिची हिरवी नोंद, तिच्यावरची आडवी रेघ, आणि काळ्या शाईतला तो शेरा. तिचा डावा डोळा आता धुरकट दिसतो, म्हणून तिने मान तिरकी करून उजव्याने वाचलं. पर्समधून तिने हिरवं पेन काढलं. निवृत्तीला तेरा वर्षं झाली तरी ते तिच्या पर्समध्ये असतं हे मला माहीत होतं. कशासाठी, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मोठ्या साहेबांनी तिचं अक्षर खोडलं होतं. तिने त्यांचं खोडलं नाही. खाली उरलेल्या बोटभर जागेत, प्रत्येक माप लिहायची त्याच सरळ अक्षरात, तिने लिहिलं: ‘दोष काचेचा नव्हता.’ खाली तारीख घातली, वेळ घातली, सही केली.

अधिकारी वाकला. साहेब कधी वाकले नव्हते, हा निदान वाकला. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्याचे कान लाल झाले.

‘मॅडम, नोंदवहीत असं काही लिहिता येत नाही. हे पुसावं लागेल.’

‘पुसा की,’ मावशी पेनाला टोपण लावत म्हणाली. ‘पुसण्यात तुमचा हात कोण धरणार?’